मामांची आंघोळ

मोठ्या माणसाबद्दल लिहिण्याची माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर क्षमा असावी.

मद्रासजवळ तांबरमला शिकत असताना शहरातल्या एग्मोर भागातल्या कचेरीतल्या एका तंजावरी मराठी कारकुनांशी ओळख झाली. सगळे त्यांना मामा म्हणत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचे पाय लटपटत. तरी दर रविवारी मला सोबत घेऊन, काठी टेकत, ते त्याच आजाराच्या लोकांच्या घरी जात. "हे बघा, सोपं आहे," अशीच त्यांची सुरुवात असे.

एका घरी सासूबाई करवादल्या, "दर शुक्रवारी तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालते, तर ही उठतच नाही. नुसतं सोंग! माहेरीच धाडते आता." सून खाली मान घालून बसली होती.

"हे बघा, सोपं आहे. मलाही तसंच पाणी काढा."

आंघोळीनंतर मामांना उभंच राहता येईना. मी त्यांना उचलून बाहेर आणलं.

"आता सांगा अम्मा, मला कुठलं घरकाम चुकवायचंय? या आजारात अंग तापलं की हातापायांतलं बळच जातं."

सासूबाई पंखा घेऊन वारा घालू लागल्या. अंग निवल्यावर तासाभराने मामा उठले. सून माहेरी गेली नाही.

परवा तिचं पत्र आलं. मामा गेले. रविवारी आता सासूबाई तिला घेऊन मामा जात त्या घरांत जातात.