बोपदेव घाटातल्या काकू

घाटमाथ्यावर पोचलं की काकू आधी मंगळसूत्र टी-शर्टच्या आत टाकायच्या. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बघायच्या आणि मागे न वळता म्हणायच्या, "अहो, मी चहा सांगून ठेवते." एवढं बोलून त्या निघायच्या. पहिल्या वळणापर्यंत त्यांची वाकलेली पाठ दिसायची, पुढे तीही दिसेनाशी व्हायची.

रविवारी सकाळी कोंढव्याकडून बोपदेव घाटात कधी गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. साठीला टेकलेल्या, अंगाने बारीक, केसांचा घट्ट अंबाडा हेल्मेटखाली मावावा म्हणून मानेवर उतरवलेला. चढताना कॉलेजची पोरं त्यांना सहज मागे टाकायची. "या हं काकू सावकाश," असंही म्हणायची. उतारावर तीच पोरं त्यांना शोधत राहायची.

बिबवेवाडीत आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि मी दुसऱ्या. आमची ओळख मात्र जिन्यात झाली नाही, सुईमुळे झाली. काकू एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायच्या. मी दंड पुढे करून डोळे मिटले, तर म्हणाल्या, "डोळे मिटून दुखायचं कमी होत नाही. पंख्याकडे बघा." मी पंख्याकडे बघेपर्यंत त्यांनी कापूस लावलासुद्धा. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन स्वतःच घरी आल्या. "साखर वर जायला लागलीय तुमची. सायकल आहे का?" मी नाही म्हटलं. "मग घ्या," म्हणाल्या, आणि चहाला न थांबता वर निघून गेल्या.

अशी मी त्यांच्यासोबत जायला लागले. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'अगं' झालं.

काकू पाचगणीत वाढलेल्या. लहानपणी भावाची सायकल पळवून पसरणीचा घाट उतरून वाईला जायच्या आणि येताना सायकल एसटीच्या टपावर टाकून परत यायच्या. कोपरापासून मनगटापर्यंत एक जुना पांढरा व्रण होता. त्याला त्या 'पसरणीची सही' म्हणायच्या. लग्न, मुलगी, नोकरी या सगळ्यात सायकल सुटली ती सुटलीच. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी पुन्हा घेतली. ही शर्यतीच्या सायकलसारखी, वाकड्या हँडलची. सोसायटीत चार दिवस चर्चा झाली. काकूंच्या कानावरही गेली असणार, पण त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

उतरणं म्हणजे काय ते मला त्यांनीच दाखवलं. एका रविवारी मला म्हणाल्या, "आज माझ्या मागे ये. माझ्या चाकाकडे बघू नकोस. मी जिकडे बघते तिकडे बघ." मी निघाले. मग कानात वारा एवढा भरला की दुसरं काही ऐकू येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. वळण आलं की काकू बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबायच्या, अंग आत कलायचं, आणि मान मात्र सरळ, वळण जिथे संपणार तिथे लागलेली. रस्ता आपण कापत नाही, तो आपल्याखालून ओढला जातोय असं वाटत होतं. खाली पोचल्यावर मी वेड्यासारखी हसत होते. काकू शांतपणे चहावाल्याला म्हणाल्या, "हिच्या चहात साखर टाकू नका."

त्यांना धोका कळत नव्हता असं कुणी समजू नये. प्रत्येक हाताची दोन बोटं सतत ब्रेकवर असायची. कुत्रं कुठे आडवं येतं, कुठला गतिरोधक पांढरे पट्टे नसलेला आहे, खडीचे डंपर कुठल्या वळणावर खडी सांडतात, हे सगळं चढतानाच त्या बघून ठेवायच्या. म्हणून तर चढताना हळू जायच्या. बाकीचे मोबाईलवर वेग मोजायचे. काकूंना कुणी त्यांचा वेग विचारला, तर म्हणायच्या, "आकडा बघायचा की रस्ता?"

आता काकांबद्दल सांगायला हवं.

काकांचा मार्केट यार्डात गुळाचा व्यापार होता. तो पुतण्याकडे सोपवल्यावर त्यांनी सायकल घेतली. का घेतली असं विचारलं तर सांगायचे, "ही दर रविवारी कुठे जाते ते बघायला." त्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये गुळाचे खडे असायचे. दमलेल्या कुणाच्याही हातावर, ओळख असो नसो, एक खडा ठेवायचे. काकूंचा मोबाईलही त्याच पाऊचमध्ये असायचा, कारण काकूंना उतरताना अंगावर काही हलणारं चालत नसे.

काका ब्रेक आवळून उतरायचे. वरपासून खालपर्यंत. त्यांची चाकं घाटभर किंचाळायची आणि आम्हाला खाली चहा पिताना ती वळणावळणाने जवळ येत असलेली ऐकू यायची. आले की काकू म्हणायच्या, "अहो, त्या ब्रेकचा गळा कशाला दाबता?"

काका हेल्मेट काढत सांगायचे, "अगं, कुणीतरी सावकाश यायला नको का? तुझं काही सांडलं तर उचलायला."

हे संभाषण दर रविवारी व्हायचं. शब्दही फारसे बदलायचे नाहीत. चहावाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. काकूंचा पहिला चहा संपायचा, काकांसाठी दुसरा सांगितला जायचा, आणि मग दोघं एकाच बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहायची.

तो रविवार थंडीतला होता. ऊन चांगलं पडलं होतं. त्या दिवशी काकू काकांना ब्रेकबद्दल काहीही बोलल्या नव्हत्या. चहा सांगून ठेवते म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या सायकलची साखळी उतरली होती म्हणून मी मागे राहिले. काका माझ्यासाठी थांबले. साखळी बसवून हात पुसत होते, तेव्हा एकदम म्हणाले, "आज सोडून बघतो."

"काय?"

"ब्रेक." आणि लाजल्यासारखं हसले. "तिला सांगू नकोस. तिचा चहा संपायच्या आत पोचतो."

ते निघाले. मी पाठोपाठ. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक धरले, पण अगदी पुसटसे. दुसऱ्यावर धरलेच नाहीत. त्यांच्या जर्किनमध्ये वारा भरून पाठीवर फुगा झाला होता. कोपरं ताठ होती, बसण्यात डौल वगैरे काही नव्हता, पण वळण नीट घेतलं त्यांनी. आणि मग मला त्यांचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, एकट्याने हसत होते.

पुढच्या वळणावर बारीक खडी पसरलेली होती. चढताना ती नव्हती. मधल्या वेळात एखादा डंपर गेला असावा. त्यांचं पुढचं चाक सरकलं आणि ते कठड्यावर जाऊन आदळले. हेल्मेट घातलेलं होतं. लोक अजूनही पहिलं तेच विचारतात, म्हणून सांगते.

दुधाचा टेम्पोवाला थांबला. त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. मी काकूंना लावला, तर रिंग माझ्या शेजारीच वाजायला लागली. काकांच्या कमरेच्या पाऊचमधून.

काकूंना कुणी सांगायला जावं लागलं नाही. चाकांचा आवाज ऐकू येईना म्हणून त्या स्वतःच उलट घाट चढायला निघाल्या होत्या. वळणावरून त्या येताना दिसल्या. पेडलवर उभं राहून सायकल मारत होत्या. तशा चढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सायकल रस्त्यावरच टाकून त्या काकांपाशी खाली बसल्या, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि मनगटावर तीन बोटं ठेवली. रक्त काढण्याआधी पेशंटचा हात जसा धरायच्या, तसाच. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, गाडी येतीय, धीर धरा." त्यांनी मान हलवली. रुग्णवाहिका येईपर्यंत बोटं तिथेच होती. नाडी कधी थांबली ते आमच्यात फक्त त्यांना कळलं असणार. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते ऐकून त्या दचकल्या नाहीत.

दिवस-कार्य झालं. मुलगी जावयासोबत परत गेली. त्यानंतर एका दुपारी काकू माझ्याकडे आल्या. सोफ्यावर न बसता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"तू मागे होतीस ना त्यांच्या?"

"हो."

"ब्रेक धरले होते का त्यांनी?"

मी गॅस बंद केला. काका सांगू नकोस म्हणाले होते. पण आता ते कुणासाठी लपवायचं? आणि काकूंच्या समोर खोटं बोलणं मला कधी जमलंही नसतं. मी म्हटलं, "नाही काकू. सोडले होते. आज सोडून बघतो म्हणाले. तुमचा चहा संपायच्या आत पोचायचं होतं त्यांना."

त्या बराच वेळ ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "घाबरले होते का?"

"नाही. हसत होते. मला ऐकू येत होतं, इतकं मोठ्याने."

"उतारावर?"

"हो."

"मला कधी ऐकायलाच मिळालं नाही," काकू म्हणाल्या. "मी पुढे असायचे ना."

त्यानंतर त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

आम्हाला वाटलं, सायकल आता सुटली. मुलीनेही फोनवर मला बजावलं होतं, "तिला जाऊ देऊ नका हं." पण थोड्या दिवसांनी एका रविवारी सकाळी काकू सायकल घेऊन खाली आल्या. मधल्या दांडीला सुतळीने एक खराटा बांधला होता. काका पडले त्या वळणाशी पोचल्यावर त्यांनी सायकल कठड्याला टेकवली, खराटा सोडला आणि वाहनं नसतील तेव्हा रस्त्यावरची खडी कडेला लोटायला सुरुवात केली. वळण आतून बाहेरपर्यंत झाडलं. मग खराटा पुन्हा बांधला आणि सायकल हातात धरून उरलेला घाट चालत उतरल्या.

हे दर रविवारी सुरू झालं. खडीही दर आठवड्याला नव्याने सांडायची.

एकदा एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "काय मावशी, सरकारी काम का?"

"मी झाडतेय," काकू म्हणाल्या. "सरकारी माणूस दिसते का तुम्हाला?"

त्या दिवशी खूप महिन्यांनी मला त्यांच्यात जुन्या काकू दिसल्या. मी हसले, तर त्यांनाही हसू आलं.

पोरं वेगाने उतरत यायची. काकू बाजूला व्हायच्या, ती गेली की पुन्हा झाडायला लागायच्या. त्या का झाडतात हे पोरांतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. मी एकदा न राहवून म्हटलं, "काकू, सांगा ना त्यांना हळू जायला. तुमचं ऐकतील."

"मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं?" त्यांनी खराटा आपटून त्यातले खडे झटकले. "त्यांना जायचं तसं जाऊ दे. वळण तेवढं साफ असू दे."

"आणि तुम्ही? तुम्ही उतरताना का बसत नाही सायकलवर?"

"बसले की मी पुढे निघून जाते गं," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघी सायकली हातात धरून चालत उतरलो. चालताना घाट फार लांब वाटतो. कठड्यापलीकडचं गवत, दगडांत उगवलेली घाणेरीची झुडपं, टाकलेल्या बाटल्या, सगळं दिसत राहतं. चहाच्या टपरीवर काकू थांबायच्या नाहीत. टपरीवाला नुसता हात वर करायचा.

पुढे माझ्या ऑफिसची वेळ बदलली, रविवारही कामात जायला लागले, आणि मी घाटात क्वचितच जाऊ लागले. काकूंचे गुडघे दुखायला लागले होते, तरी त्या जायच्या. शेवटी मुलगी येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेली. जाताना सायकल त्यांनी सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीला दिली. माझ्याकडे घराची किल्ली ठेवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "साखर तपासत जा." एवढंच. या उन्हाळ्यात तिकडे झोपेतच त्या गेल्या. मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी वर जाऊन त्यांच्या दारापुढे उभी राहिले. कुलूप होतं, किल्ली माझ्याकडेच होती, पण आत जाववलं नाही.

घाटात मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते त्या बंगळूरला जायच्या आधीच्या महिन्यात. नात्यातल्या लग्नासाठी आम्ही गाडीने सासवडला निघालो होतो. गाडीत मुलं, आहेराच्या पिशव्या, मागून हॉर्न. वळणावर काकू खराटा घेऊन वाकलेल्या दिसल्या. मी नवऱ्याला थांब म्हटलं, पण मागे रांग होती आणि समोरून खडीचा डंपर उतरत होता. थांबायला जागाच नव्हती. मी काच खाली करून हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. डंपर बघून त्या मागे सरकल्या आणि डोंगराला पाठ लावून, खराटा उभा धरून थांबल्या. डंपर आमच्या आणि त्यांच्या मधून गेला. मी मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिले. काकू होत्या तिथे नुसता धुरळा होता, आणि तो खाली बसायच्या आत आमची गाडी पुढच्या वळणाला वळली.