एकविसावं अक्षर

बडोद्यात फतेगंजातल्या एका लहान रक्तपेढीचा प्रोग्राम सुनेत्रा शिर्केनं बावीस वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिला आणि तेव्हापासून एकटीनं सांभाळला. दात्याच्या नावाला तिनं वीस अक्षरांची घरं दिली होती, त्यांना चिकटूनच रक्तगटाचं घर. टाइप करताना विसाच्या पुढं अक्षर उमटतच नसे. गेल्या आठवड्यात शिबिरासाठी मोबाइलवरचा फॉर्म तिनं घाईघाईनं जोडला, तेव्हा ही मर्यादा घालायची राहून गेली.

मंगळवारी दुपारी तिथले तंत्रज्ञ मल्हारराव यांचा फोन आला. ते रजिस्टर ताडून पाहत होते.

"सुनेत्राताई, कुसुमावती विश्वासराव या बाईंचा गट रजिस्टरात बी आहे. पिशवीवर ओ छापून गेलाय."

तिनं ते नाव इंग्रजीत बोटांवर मोजलं. मधली मोकळी जागा धरून एकवीस अक्षरं. शेवटचा 'ओ' नावाच्या घरांत मावला नव्हता. शेजारचा 'बी' पुसून तिथं जाऊन बसला होता.

"पिशवी कुठंय, काका?"

"करजणला. अपघाताची केस होती, जुळवून बघायला वेळच नव्हता, ओ कुणालाही चालतं म्हणून तसंच नेलं. दोन तास झाले."

करजणच्या दवाखान्यात कुणी फोन उचलेना. पाच वेळा झालं, सात वेळा झालं. "उचला हो कुणीतरी," ती रडकुंडीला आली. अखेर एका नर्सनं उचलला.

"बेन, लोही बंध करो! हमणां ज!" रक्त आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणून सुनेत्रा गुजरातीत किंचाळली.

अर्धी पिशवी उत्कर्षा नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या अंगात गेली होती. तिला हुडहुडी भरली होती. ती हुडहुडी अपघातात मार लागल्यामुळंच, असं सगळे धरून चालले होते.

तिला बडोद्याला आणलं. जीव वाचला, पण मूत्रपिंडं थांबली. सुनेत्रानं त्याच संध्याकाळी सगळी नावं तपासली, आणखी चार पिशव्या फ्रिजमधून बाजूला काढायला लावल्या. "मशीन बिघडलं म्हणून सांगू," असं रक्तपेढीचे व्यवस्थापक म्हणाले. तिनं ऐकलं नाही. स्वतःची चूक कागदावर लिहून, सही करून ती उत्कर्षाच्या वडिलांसमोर उभी राहिली.

लक्ष्मीकांतरावांनी कागद वाचला नाही. "माझ्या पोरीला लघवी कधी होईल, तेवढं सांगा," ते म्हणाले.



आज अकरावा दिवस. डायलिसिस चालूच आहे. सुनेत्रा रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसते. लक्ष्मीकांतराव तिच्याशी बोलत नाहीत, जा असंही म्हणत नाहीत.