हुबेहूब सरांसारखा

तोंडात ती पट्टी धरूनच तो दारात उभा राहायचा. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायची ती पातळ पट्टी वाजवण्याआधी ओली करावी लागते. त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य कधी धड कळायचंच नाही. मग पट्टी काढून तो पुन्हा विचारायचा, "काकू, सर खुशीत हायेत का?"

मी सरांकडे स्वयंपाकाला आहे. सर म्हातारे, एकटेच. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे, आता इथं चिकलठाण्याला राहतात. हा मुलगा वैजापूरचा, लग्नाच्या बँडमधला. वरातीत घामाघूम होऊन वाजवणारी अशी पोरं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या तोंडाकडे आपण कुठं नीट बघतो? एसटीनं यायचा. आधी सरांच्या पाया पडायचा, मग वाद्याच्या, मग स्वयंपाकघरात डोकवायचा. वांग्याचं भरीत दिसलं की त्या दिवशी त्याच्या सुरांना घाई व्हायची. मला आत बसून कळायचं.

जॅझ म्हणजे काय, ते सरांनी एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं. चाल सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग एकेकानं त्या घडीला सुचेल ते आपलं वाजवायचं. "दुसऱ्याचं वाजवलं तर फुकट!"

पण याला सरांचंच सुचायचं. त्यांचं वाजवणं फोनवर भरून न्यायचा आणि हुबेहूब बसवून आणायचा. एकदा वाजवताना मधेच थांबला, दोनदा खोकला आणि पुढं वाजवू लागला.

सरांनी हात वर केला. "हे काय होतं?"

"तुम्ही तिथं तसंच करता, सर."

"अरे गधड्या, तो माझा खोकला आहे!"

मी पदर तोंडात कोंबला. सर मात्र हसले नाहीत. त्यांचा दम आता पुरत नव्हता. जमतंय तोवर दोघांचं एक रेकॉर्डिंग करून ठेवावं, असं त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, "रविवारी माणूस येतोय यंत्र घेऊन. मधली जागा मी तुझ्यासाठी मोकळी सोडणार. तिथं माझंच वाजवलंस, तर मग मी एकटाच वाजवीन. तू परत येऊ नकोस."

त्या दिवशी तो जेवायला तयार नव्हता. "काकू, माझं म्हणजे नेमकं कुठून आणू?" मी गरम भाकरी पुढं सरकवली.

"भाकरीनं सुचतंय व्हय?" तो म्हणाला. पण खाल्ली.

रविवारी खिडक्यांना गाद्या टेकवल्या, पंखे बंद केले. मी दाराआड उभी. दोघांनी मिळून चाल वाजवली, मग सर थांबले. त्यानं सुरुवात केली ती सरांच्याच सुरांनी. त्याचं त्यालाही कळलं. तो थांबला. यंत्रावरच्या माणसानं सरांकडे पाहिलं. सर हलले नाहीत.

मग त्यानं डोळे मिटले आणि भलतंच काही सुरू केलं. कांद्याच्या लिलावात माणसं एकमेकांवर ओरडतात तसे सूर भराभर पडू लागले. मधेच एक सूर त्यानं इतका लांब ओढला, की लांबच्या शेतातून कुणी घरच्या माणसाला हाक मारतंय असं वाटलं. असलं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

त्याच्यानंतर सरांनी पुन्हा वाजवत सुरात यायचं ठरलं होतं. ते आलेच नाहीत. वाद्य मांडीवर, तोंड उघडं. हा बिचारा शेवटपर्यंत एकटाच वाजवत राहिला.

"सर, तुम्ही आलेच नाय! जीव गेला माझा!"

"ऐकत होतो रे. मधे कशाला येऊ?"

आता तो गोव्याला एका हॉटेलात वाजवतो. घरात दुपारी लई शांत असतं. मग सर ते रेकॉर्डिंग लावतात. तो लांब सूर आला की थांबवतात आणि स्वतःच्या वाद्यावर तसाच काढू बघतात. अर्ध्यात दम तुटतो. पुन्हा मागं नेतात, पुन्हा ऐकतात.

काल मला हाक मारली. शाळेतल्या पोरासारखे हसत होते.

"बाई, कसं काढलं असेल हो हे त्या गधड्यानं?"