बोलता येईल इतकंच चालायचं

हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी घड्याळजीला बजावलं, "रोज अर्धा तास चाला. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईनासं झालं, की लगेच थांबा."

सल्ला चोख होता, पण माणूस जन्माचा घुम्या! चाळीस वर्षांच्या संसारात तो बोलला असेल तर डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या चाकांशीच.

बायको रोज सोबत चालते. रस्त्याला चढ लागला, की ती त्याच्या तोंडाकडे बघत विचारते,

"अहो, दम लागला का?"

तो नुसती मान हलवतो.

"मान नको, तोंड उघडा! हवं तर मला शिव्या द्या!"

तो हसतो आणि चालत राहतो. त्याला धाप लागलीय की हे नेहमीचंच मौन, तिला कळायला मार्ग नाही. ती आपली त्याची बाही घट्ट धरून चढ चढते.