टेलर-सानचा गुरुवार

माझी आत्या बायकांचे कपडे शिवते. गळ्यात टेप, बोटांना खडू आणि ओठांत चार टाचण्या, असा तिचा अवतार. टाचण्या सांभाळून ती गिऱ्हाइकाशी वाद घालते आणि जिंकतेही. बाह्या सैल ठेवा म्हणणाऱ्या बाईला सरळ सांगते, "पिशवी हवी असेल तर शेजारच्या दुकानात मिळेल." तरी दुकानात गर्दी असते, कारण तिच्या हाताला तोड नाही. जिभेलाही नाही.

म्हणजे, एक आहे. माझी आई. आयुष्यभर नर्स होती, भलेभले डॉक्टर तिला वचकून असत. दादाच्या लग्नातला माझा ड्रेस आत्यानं जागून शिवला, आणि आई चार पाहुण्यांसमोर म्हणाली, "ताई, तयार आणला असता तर बरं झालं असतं." झालं! आत्या भरल्या ताटावरून उठली. "तुझ्या घराची पायरी चढणार नाही," म्हणाली, आणि खरंच चढली नाही. दादाला मुलगी झाली, ती चुरूचुरू बोलायला लागली, तरी नणंद-भावजयीचा अबोला जसाच्या तसा. बाबा गुपचूप बहिणीकडे चहा पिऊन येत आणि घरी 'पाय मोकळे करून आलो' म्हणून सांगत.

दादा जपानमध्ये असतो, वहिनीही तिकडचीच. पोरगी फक्त जपानी बोलते. पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदाच आमच्या घरी येणार असं ठरलं, आणि माझी झोप उडाली. आत्याचा दादावर भारी जीव. त्याची लेक गावात येऊन जाईल आणि ही हट्टापायी दुकानात मशीन चालवत बसेल, हे मला दिसत होतं.

मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत नवख्यांना जपानी शिकवते. नवा वर्ग सुरू झाला त्या दिवशी पहिल्या बाकावर आई हजर. "नातीशी बोलायला नको का?" मी काही म्हणणार तोच दारात आत्या, टेप गळ्यातच. "नात काय एकटीचीच आहे का?" हे ती भिंतीला म्हणाली. मग दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हा कट रचलाय. आईशप्पथ, नव्हता रचला.

माझ्या वर्गाचा नियम असा, की समजावणं मराठीत पण बोलणं जपानीत. आणि हाक मारायची ती कामाच्या नावानं, मागे 'सान' लावून. हे 'सान' म्हणजे आपल्या 'अहो-जाहो'सारखं. त्यामुळे ताई नाही, वहिनी नाही. एक झाली टेलर-सान, दुसरी नर्स-सान. घरी मला 'अगं ए' म्हणणारी आई इथे वाकून 'सेन्सेई', म्हणजे 'गुरुजी', म्हणायची. मी ते सुख मनसोक्त उपभोगलं.

आत्याला व्याकरण बघताबघता जमलं. क्रियापद शेवटी येतं आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या टोकाला 'का' लावायचा, हे कळल्यावर ती बाकावरून उठलीच. "अगं, हे तर आपलंच की! इंग्रजीनं शाळेत माझा नुसता जीव खाल्ला होता!" दुसऱ्या दिवसापासून दुकानात 'कोरे वा हासामी देसु', म्हणजे 'ही कात्री आहे', सुरू. गिऱ्हाइकं बिचारी मान डोलवायची.

जोड्या करायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी पटापट जोडीदार धरले. या दोघी मानी. कुणी आपण होऊन विचारीना, म्हणून शेवटी दोघीच उरल्या. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले. मागून आईचा आवाज आला, काल काय केलंत? आत्या म्हणाली, काल शिवण शिवलं. तुम्हाला मासे आवडतात का? हो, खूप आवडतात. सगळं कसं गोड आणि अदबशीर, कारण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. टोमणे मारायला जे व्याकरण लागतं ते बरंच पुढच्या पुस्तकात आहे.

मग आमंत्रणाचा धडा आला. पुस्तकातलं वाक्य 'रविवारी सिनेमाला येणार का?' असं होतं. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, 'रविवार जरा...' एवढं बोलून थांबतो, हेही मी शिकवलं. आईनं पुस्तक मिटलं आणि स्वतःच्या मनानं विचारलं, "टेलर-सान, रविवारी माझ्या घरी येणार का?"

वर्गाला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या हातातला खडू मात्र तिथेच थांबला.

"निचियोबी वा चोत्तो..." आत्या म्हणाली. रविवार जरा...

आई हटली नाही. सोमवारी? सोमवार जरा... मंगळवारी? मंगळवार जरा... बुधवारी? एव्हाना सगळा वर्ग हसत होता आणि आईचे कान लाल झाले होते. पुढे गुरुवारपाशी तिची गाडी अडली. शब्दच आठवेना. तिनं छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. उमेदीनं हात पुढे केला आणि वारच सापडेना!

"मोकुयोबी," आत्या हळूच म्हणाली.

"मोकुयोबी," आई म्हणाली, "येणार का?"

आत्यानं गळ्यातल्या टेपची गुंडाळी केली. मग म्हणाली, "इकिमासु." येते.

गुरुवारी ती आली. दारात दोघी वाकल्या, नमस्कार झाला, हवा छान आहे हेही झालं, आणि जपानी संपलं. दोघी खुर्च्यांवर नुसत्या बसून. बाबा घाबरून पंख्याकडे बघत होते.

"वहिनी," शेवटी आत्या मराठीत म्हणाली, "पाणी देणार आहेस, का तेही जपानीत मागू?"

"मागून तर बघा. चुकाल!"

"मी चुकेन? गुरुवार कुणाला येत नव्हता?"

आणि जुंपली! पोरीला आधी कोण उचलून घेणार इथपासून ती कुणासारखी दिसते इथपर्यंत, दोघी एकमेकींना बोलू देईनात. बाबांनी उठून खिडक्या लावायला घेतल्या. मी म्हटलं, "राहू द्या उघड्या. ऐकू दे सगळ्यांना."