बरणीचं टोपण
लिंबाच्या लोणच्याचा वास आला की मला वडूजचे आमचे शेजारी आठवतात. ते सैन्यात वायरलेस हवालदार होते. निवृत्तीनंतर पुढाऱ्यांनी घातलेल्या सत्काराच्या शाली त्यांच्या कपाटात घडी न मोडता पडून होत्या आणि ते दिवसभर हवेतले वायरलेस संदेश पकडणारा रेडिओ स्कॅनर ऐकत बसायचे. एकदा त्यांनी मला बोलावलं. "ह्यो नॉब लय नाजूक झालाय रं. बोट लावलं की आवाज पळतोय." मी फिरवून पाहिला. नॉब ठणठणीत होता, थरथरत होता तो त्यांचा हात. दारातून काकूंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. "होय काका, बिघडलाय," म्हणत मी नॉबवर लोणच्याच्या बरणीचं रुंद टोपण चिकटवलं. मोठी चकती फिरवताना थरथर कमी जाणवते. त्यांनी ती फिरवली. आवाज आला आणि टिकला. "आवं, बघा, मशीनच बिघडलेलं!" काकू म्हणाल्या. ते टोपणाकडे बघत राहिले. "नव्या रंगरुटांना मी शिकवायचो, सेटला दोष द्यायचा न्हाई, आदी आपला हात तपासायचा." मग त्यांनी कपाटातली एक शाल मागितली आणि दोन्ही हात तिच्याखाली झाकून घेतले. त्या शालींचा झालेला एवढाच उपयोग मी पाहिला. हल्ली बरणी उघडण्याआधी मी माझे हात बघतो.