सांडू पेंटरांचं चौथं चित्र

सांडू पेंटरांनी चव्वेचाळीस वर्षं वारलेल्या माणसांचे चेहरे रंगवले. रेशनकार्डावरचा किंवा एखाद्या लग्नातल्या घोळक्यातला नखाएवढा फोटो लोक आणून देत आणि तेराव्याच्या आत चित्र मागत. गुलमंडीच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. घरच्यांना ते मोजकंच विचारत. भांग कुठल्या बाजूला, घरात बसायची जागा कुठली आणि चिडल्यावर चेहरा कसा व्हायचा. त्यांचा एक नियम मात्र गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हता. जिवंत माणसाच्या बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपका देतात, तो ते वारलेल्यांना देत नसत. “चमक रखे तो आदमी घर में फिरता,” असं त्यांच्या उस्तादांनी बजावलं होतं.

काही लोक चित्र सांगून जात आणि न्यायला येतच नसत. अशी अकरा चित्रं कागदात गुंडाळून माळ्यावर पडली होती.

गेल्या जानेवारीत अपेक्षा नावाची चित्रकलेची शिक्षिका दुकानात आली. शहरातले चित्रकार एका रविवारी औरंगपुऱ्यातला रस्ता सकाळभर बंद करून तिथंच आपली चित्रं मांडणार होते.

“काका, तुमचीही हवीत.”

“माझं एकही नाय माझ्याकडं. हायेत ती लोकांची.”

“मग लोकांचीच मांडू की. रस्ता लोकांचाच आहे.”

सांडू पेंटर हसले आणि तिथंच फसले. शनिवारी दुपारी ती अकराही गुंडाळ्या रिक्षात घालून घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी फुलंब्रीहून लक्ष्मीबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान रामहरी नऊ वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन सोयगावच्या बाजूला गेले होते. मेंढरं आपली आपण परत आली, एकही कमी न होता. रामहरी आले नाहीत. तीन वर्षं वाट पाहून थोरल्या दिरांनी, सर्जेरावांनी, सांडू पेंटरांना चित्र सांगितलं. ते न्यायला लक्ष्मीबाईंनी कुणाला जाऊ दिलं नाही. कुंकूही पुसलं नाही. आता मुलीचं, तनुजाचं, लग्न ठरलं होतं.

“पत्रिका सोमवारी छापायला जायचीय, मामा. दादा म्हणतेत, बापाच्या नावाआधी कैलासवासी घाला, मंडपात फोटो ठेवा हार घालून. मी म्हणते श्री घाला. चार दिवस झाले, घरात कुणी कुणाशी बोलंना. म्हणलं, एकदा फोटो बघते आन् मग सांगते.”

“उद्या औरंगपुऱ्यात या,” सांडू पेंटर म्हणाले. चित्र दुपारीच तिकडं गेलं होतं.

रविवारी साडेआठला ते पोचले तेव्हा चित्रं मांडून झाली होती. एका लांब कंपाउंडच्या भिंतीवर दोरी बांधून अकरा जण ओळीनं टांगले होते. पलीकडं माऊली नावाच्या चित्रकाराची जलरंगातली दौलताबादची तटबंदी होती, त्याच्या पुढं मुलांची, मुलींची, नाना रंगांची चित्रं. ऊन कोवळं होतं. सहकुटुंब फिरायला आल्यासारखी माणसं येत होती, फोटो काढत होती.

सांडू पेंटरांच्या भिंतीपाशी मात्र ती चपला काढू लागली. निळसर पार्श्वभूमी, छातीपर्यंतचा माणूस, खाली नावासाठी सोडलेली पट्टी. असं चित्र दिसलं की आपल्याकडच्या माणसाचे हात आपोआप जुळतात. कुणीतरी कोपऱ्यावरून झेंडू आणला. मग कुणी उदबत्ती लावली. दहा वाजेपर्यंत भिंतीच्या कडेला फुलांची रांग लागली होती.

“पेंटर,” माऊली वैतागून म्हणाला, “लोकं प्रदर्शनाला आलेत का दहाव्याला? माझ्या किल्ल्याला कुणी बघंना.”

“तू बी एखादा मेलेला बसव किल्ल्यात,” कोपऱ्यावरची फुलवाली राजाबाई म्हणाली. तिची टोपली संपत आली होती. मग ती सांडू पेंटरांजवळ सरकली. “येक इचारू का? तो चवथा कोण हाय?”

“का?”

“सकाळधरनं बघून ऱ्हायले. समद्यांना फूल पडतंय. त्याला कुणीच घालंना.”

सांडू पेंटरांनी पाहिलं. तिसऱ्या चित्राखाली फुलांचा ढीग होता, पाचव्याखालीही होता. मध्ये फरशी स्वच्छ होती. एक बाई ओळीनं एकेक फूल ठेवत आली, तिसऱ्यापाशी वाकली, उठली आणि सरळ पाचव्यापाशी गेली. तिच्या मागून एक म्हातारा आला. त्यानंही तसंच केलं. सांडू पेंटरांनी त्याला थांबवून विचारलं, “बाबा, हे एक राहिलं का?”

म्हाताऱ्यानं चित्राकडं पाहिलं. “यांना कशाला?” इतकंच म्हणाला आणि पुढं गेला.

चौथे रामहरी होते. सांडू पेंटर जवळ गेले. दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा.

ते ठिपके दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या आठवड्यात एका पुढाऱ्याचं वाढदिवसाचं चित्र शेजारच्या, चित्र टेकवायच्या घोडीवर होतं, तेवढं आठवत होतं. एकाच ब्रशनं दोन्हीकडं काम चाललं होतं. हात चुकला असेल. चव्वेचाळीस वर्षांत कधी चुकला नव्हता, पण चुकला असेल. पिशवीत काळा रंग होता. दोन ठिपके झाकायला दोन क्षण पुरले असते. त्यांनी ब्रश बाहेर काढला, चित्रासमोर धरला. रामहरी त्यांच्या खांद्यावरून मागं बघत होते.

सांडू पेंटरांनी वळून पाहिलं. मागं लक्ष्मीबाई उभ्या होत्या. शेजारी सर्जेराव, हातात चंदनाचा हार.

“हेच ना?” सर्जेराव म्हणाले. “बरं झालं, समोरच घावलं.” ते हार घालायला पुढं झाले.

“थांबा दादा.” लक्ष्मीबाईंनी पदर सारखा केला. त्यांनी फुलांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि मोकळ्या जागेपाशी थांबवली. “इथली फुलं कुणी उचलली?”

“उचलली नाय, माय. कुणी घातलीच नाय,” राजाबाई म्हणाली.

लक्ष्मीबाईंनी जवळ जाऊन चित्रातले डोळे निरखले. मग सांडू पेंटरांकडं वळल्या. “मामा, हे हायेत, ते तुमाला कसं कळलं?”

इथं खरं सांगायला हवं होतं, हे सांडू पेंटरांना कळत होतं. पण खरं काय होतं? त्यांनी ब्रश पिशवीत टाकला. “मी काढतो, बाई. मला कळत नाय,” ते म्हणाले. लक्ष्मीबाईंनी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं असावं.

“श्री घाला, दादा,” त्या म्हणाल्या.

“तुझी जबाबदारी,” सर्जेराव म्हणाले आणि हार पिशवीत घातला. चित्र त्यांनी नेलं नाही.

लग्न मार्चमध्ये फुलंब्रीला झालं. सांडू पेंटरांना पत्रिका आली, वर दोनदा फोनही आला, तेव्हा जावंच लागलं. मंडपाच्या दारात लक्ष्मीबाईंनी स्वतः खुर्ची मांडून ठेवली होती, तोंड रस्त्याकडं करून.

“तुमी इथंच बसा, मामा. नऊ वर्षांत माणूस बदलतं. आमाला वळखू येयचे नायत. तुमाला येतील.”

सांडू पेंटर बसले. अक्षता पडल्या, बँड थांबला, जेवणं सुरू झाली. रस्त्यानं पन्नाशीचा कुणी आला की ते खुर्चीत पुढं सरकत. आत वाढता वाढता लक्ष्मीबाई मान वळवून त्यांच्याकडं बघत. ते मान हलवत, नाही म्हणून. असं किती वेळा झालं, ते त्यांनी मोजलं नाही. शेवटची पंगत उठली तरी त्यांना उठवेना.

“पाहुणे, जेवलेत का नाय?” वाढप्यानं विचारलं. “मुलीकडचे का मुलाकडचे?”

“मुलीकडचा,” सांडू पेंटर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. “वरबापाला सांगा, बिदाई जरा उशिरा करा. अजून एकजण यायचाय.”